अमेरिकेत युनियनची ट्रकची नोकरी : लायसन्सपासून सिनिऑरिटी यादीपर्यंत

ट्रक शिकावा का, आणि शिकला तर ‘युनियनवाली’ नोकरी खरंच मिळते का, असं विचारणारे फोन मला आता नेमाने येतात. विचारणारे बहुतेक आपलेच : कुणाला बायकोच्या नोकरीमुळे ग्रीन कार्ड मिळालेलं, कुणी एजन्सीमार्फत गोदामात खोकी उचलतोय. फोनवर सगळं सांगून होत नाही आणि महत्त्वाचं नेमकं राहून जातं, म्हणून सलग लिहून ठेवतोय. मी इलिनॉयमध्ये, शिकागोच्या नैऋत्येला राहतो. फी आणि रांगा राज्याराज्यांत बदलतात, पण मूळ नियम केंद्र सरकारचे आहेत, ते सगळीकडे सारखे.

आधी एक स्पष्ट करतो. कायमच्या वास्तव्याचा परवाना हातात नसेल तर या वाटेला लागू नका. २०२५ पासून परदेशी नागरिकांच्या व्यावसायिक लायसन्सवर कडक निर्बंध येत गेले आहेत. शिवाय जून २०२५ पासून रस्त्यावरच्या तपासणीत इंग्रजी बोलता-वाचता आलं नाही तर ड्रायव्हरला तिथल्या तिथे गाडीवरून उतरवतात.

मी मूळचा पाटण तालुक्यातला. आबा कळंबोलीच्या लोखंड बाजारात माथाडी होते. १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे त्यांची मजुरी व्यापाऱ्याकडून मंडळात जमा व्हायची, वर लेव्ही भरली जायची आणि त्यातून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस मिळायचा. पाठीवर प्लेटा वाहून घर चालवणाऱ्या माणसाच्या नावावर म्हातारपणी फंड निघाला, हे मी घरात बघितलंय. मी स्वतः तिथेच एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या करायचो. बायको नर्स, तिला इकडे नोकरी मिळाली आणि २०१९ च्या शेवटी आम्ही आलो. जोलिएटच्या बाजूला मैलोन् मैल गोदामं आहेत, तिथे मी एजन्सीतर्फे लागलो. उद्या काम आहे की नाही ते आज रात्री मेसेजवर कळायचं. डिसेंबर २०२१ मध्ये ठरवलं की ट्रक शिकायचा, आणि युनियन असलेल्या ठिकाणीच पोचायचं.

लायसन्स

जानेवारी २०२२ मध्ये सरकारी मान्यतेच्या डॉक्टरकडून वैद्यकीय तपासणी करून घेतली, साधारण १०० डॉलर लागले. डोळे, कान, लघवी आणि रक्तदाब बघतात. रक्तदाब १४०/९० च्या आत असेल तर कार्ड जास्तीत जास्त दोन वर्षांचं मिळतं, वर असेल तर एक वर्षाचं किंवा त्याहून कमी. मधुमेहवाल्यांनी घाबरू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही कार्ड मिळतं, फक्त उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून वेगळा फॉर्म भरून न्यावा लागतो. तो आधीच न्या, नाहीतर दुसरी खेप पडते.

मग शिकाऊ परवाना. इलिनॉयमध्ये हे काम सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कचेरीत होतं. लेखी परीक्षा तीन : सर्वसाधारण ज्ञान, एअर ब्रेक, आणि जोडवाहन म्हणजे ट्रेलर जोडलेली गाडी. प्रत्येकीत ८० टक्के लागतात. सरकारी पुस्तिका फुकट मिळते, तीच वाचा. परवाना हातात आल्यापासून किमान १४ दिवस थांबल्याशिवाय गाडीची परीक्षा देता येत नाही.

७ फेब्रुवारी २०२२ पासून नियम असा झालाय की मान्यताप्राप्त शाळेत शिकल्याशिवाय परीक्षेलाच बसू देत नाहीत. त्यामुळे पैसे भरण्याआधी शाळेचं नाव केंद्र सरकारच्या ट्रेनिंग प्रोव्हायडर रजिस्ट्रीत शोधा. मी मार्चमध्ये शाळा सुरू केली. फी ४,८०० डॉलर, तीन हप्त्यांत. काही मोठ्या कंपन्या फुकट शिकवतात, पण त्या बदल्यात ठरावीक काळ तिथेच राबण्याचा करार लिहून घेतात आणि मध्येच सोडलं तर सगळी फी अंगावर येते. साठवलेले पैसे गेले, पण बांधिलकी नको होती म्हणून मी स्वतः भरले. आजही तेच करेन.

शाळेत निम्मे पंजाबी, बाकी पोलिश, युक्रेनियन, मेक्सिकन. पंजाबी पोरांच्या मागे भाऊ-मेव्हण्यांच्या गाड्या होत्या, त्यांना पहिल्या दिवसापासून स्वतःचा ट्रक घ्यायचा होता. त्यांच्याकडून मी खूप शिकलो, पण त्या वाटेला लागतं ते कर्ज काढायची माझी छाती नव्हती.

सगळ्यात जड गेलं ते गाडी चालवणं नव्हे, तर गाडीची आधीची तपासणी. परीक्षकासमोर एकेका भागावर बोट ठेवून मोठ्याने इंग्रजीत सांगायचं : हा स्लॅक अ‍ॅडजस्टर, तडा नाही, वाकलेला नाही, नीट बसवलेला आहे. मग एअर ब्रेकची चाचणी : ब्रेक दाबून धरल्यावर जोडगाडीत मिनिटाला ४ पीएसआयपेक्षा जास्त हवा गळता कामा नये, दाब उतरताना धोक्याचा दिवा-भोंगा लागला पाहिजे, आणि त्याहून खाली गेल्यावर ब्रेकचे दोन्ही नॉब आपोआप बाहेर आले पाहिजेत. यातलं एक वाक्य विसरलं तर परीक्षा तिथेच थांबते. मी शिक्षकाचं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं आणि गोदामात जाता-येता गाडीत तेच ऐकलं. इंग्रजी बोलायची सवय नसलेल्यांसाठी यापेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही.

आणखी एक. परीक्षा ऑटोमॅटिक गाडीवर दिली तर लायसन्सवर तसा शिक्का पडतो आणि गिअरची गाडी चालवता येत नाही. काही टर्मिनलमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या मालाच्या तळांवर, जुन्या गिअरच्या गाड्या अजून आहेत. शक्य असेल तर गिअरवर परीक्षा द्या.

मे २०२२ मध्ये लायसन्स मिळालं. बायकोने आईला व्हिडिओ कॉल लावला. आबांनी पहिला प्रश्न विचारला, “तिथं मंडळ हाय का रं?”

पहिलं वर्ष, युनियनशिवाय

मंडळ होतं, पण माझ्यासाठी दार उघडं नव्हतं. युनियनच्या बहुतेक कंपन्या किमान एक वर्षाचा अनुभव मागतात. तो अनुभव देणाऱ्या लांब पल्ल्याच्या मोठ्या कंपन्या जवळपास सगळ्या बिगरयुनियन आहेत. म्हणजे युनियनमध्ये शिरायचं तर आधी बाहेर राबावं लागतं. एक पळवाट आहे : काही युनियन टर्मिनल डॉकवरच्या, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या फलाटावरच्या, कामगारांनाच ड्रायव्हिंग शिकवतात. तुमच्या जवळ असं टर्मिनल असेल तर तिथे आधी विचारा.

जूनमध्ये मी एका मोठ्या कंपनीत लागलो. तिचं नाव लिहीत नाही. पगार मैलावर : मैलाला चाळीस-पंचेचाळीस सेंट. माल उतरवायला गोदामाच्या दारात पाच तास उभं राहिलं तर पहिले दोन तास हिशेबातच नाहीत, पुढच्या तासांचे पैसे मिळाले तर मिळाले. ओव्हरटाइम हा प्रकारच नाही, कारण १९३८ च्या ज्या कायद्याने अमेरिकेतल्या कामगारांना ओव्हरटाइम दिला, त्याच कायद्यात ट्रक ड्रायव्हरला त्यातून वगळलंय. घड्याळ मात्र सतत चालू : १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास गाडी हाकायची, मग १० तास विश्रांती. दारात उभं राहण्यात ते १४ तास संपले की पुढचे मैलही गेले आणि त्यांचे पैसेही.

माझ्याबरोबर लागलेल्या एका मुलाला कंपनीने ट्रक ‘भाड्याने घेऊन मालक व्हा’ म्हणून गळ घातली. आठवड्याचा हप्ता, डिझेल, विमा, दुरुस्ती सगळं त्याच्या पगारातून कापायचे. काही आठवडे त्याच्या हातात जवळपास काहीच आलं नाही. कुणी असा कागद पुढे केला तर सही करू नका. घरी आणा, चार लोकांना दाखवा.

आयोवातल्या वॉलकॉटला एक प्रचंड ट्रक स्टॉप आहे, जगातला सगळ्यात मोठा म्हणून त्याची ख्याती आहे. तिथे जेवताना सत्तरीच्या पुढच्या एका ड्रायव्हरशी बोलणं झालं. त्याने ऐन उमेदीची वर्षं युनियनच्या गाडीवर काढली होती. त्याच्या बोलण्यानंतर मी वाचायला लागलो आणि चित्र स्पष्ट झालं. जानेवारी १९६४ मध्ये टीमस्टर्स या ट्रकवाल्यांच्या युनियनचा अध्यक्ष जिमी होफा याने देशभरातल्या मालवाहतुकीसाठी एकच करार केला, त्यात चार लाखांहून जास्त कामगार आले. शिकागोचा ड्रायव्हर आणि टेनेसीचा ड्रायव्हर एकाच कागदाखाली. तेव्हा कोणत्या कंपनीने कोणत्या मार्गावर काय दर लावायचा हे सरकारी आयोगाच्या मंजुरीने ठरायचं, त्यामुळे पगार कापून भाडं पाडायला वाव कमी होता. १ जुलै १९८० ला अध्यक्ष कार्टर यांनी मोटर कॅरिअर कायद्यावर सही केली आणि ती बंधनं सुटली. नवीन कंपन्या हजारोंनी आल्या, बहुतेक बिगरयुनियन, आणि भाड्याची चढाओढ थेट ड्रायव्हरच्या पगारावर उतरली. जुन्या युनियन कंपन्या एकामागून एक मिटल्या. २००२ च्या सप्टेंबरात कन्सॉलिडेटेड फ्रेटवेज बंद पडली तेव्हा सुमारे १५,५०० लोक एका झटक्यात घरी बसले.

ग्राहकाला स्वस्त भाडं मिळालं हे खरं आहे, आणि तेही मी नाकारत नाही. पण ते स्वस्त कुणाच्या वेळेतून झालं, हे त्या वर्षभरात गोदामांच्या दारात उभं राहून मला नीट कळलं.

अर्ज आणि २०२३ चा उन्हाळा

युनियन मुख्यतः पार्ट लोडच्या कंपन्यांत उरली आहे. एका ट्रेलरमध्ये वीस-पंचवीस गिऱ्हाइकांचा माल, तो टर्मिनलवर उतरवून पुन्हा वाटून भरायचा. या कामाला लायसन्सवर तीन जादा शिक्के लागतात : दोन ट्रेलरची जोडी, टँकर, आणि घातक माल. पहिले दोन फक्त लेखी परीक्षेवर मिळतात. घातक मालासाठी आधी ठरावीक ऑनलाइन शिक्षण, मग टीएसए या केंद्राच्या वाहतूक सुरक्षा खात्याची पार्श्वभूमी तपासणी : बोटांचे ठसे, ग्रीन कार्ड, आणि तेव्हा साधारण ८६ डॉलर फी. मी मार्च २०२३ मध्ये ठसे दिले आणि उत्तर यायला महिन्याहून जास्त लागला. हे काम अर्जाच्या आधीच करून ठेवा. शिक्के नसलेला अर्ज कुणी उघडूनही बघत नाही.

त्याचबरोबर आणखी दोन कामं. ड्रग अँड अल्कोहोल क्लिअरिंगहाउस या सरकारी नोंदवहीत आपलं खातं उघडा, ड्रायव्हरला ते फुकट आहे. नवी कंपनी तिथे तुमची माहिती मागते आणि तुम्ही ऑनलाइन परवानगी दिल्याशिवाय पुढे काही हलत नाही. आणि १० डॉलर भरून स्वतःचा पीएसपी अहवाल काढा. त्यात मागच्या पाच वर्षांचे अपघात आणि तीन वर्षांच्या तपासण्या असतात. कंपनीच्या आधी तो आपण वाचलेला बरा.

जुलैमध्ये मी शिकागो परिसरातल्या युनियन टर्मिनलांना अर्ज टाकले. तो महिना या धंद्यातला विलक्षण महिना होता. यूपीएस या पार्सल कंपनीत तीन लाख चाळीस हजार लोक संपाच्या उंबरठ्यावर होते. शेवटच्या आठवड्यात करार ठरला आणि ऑगस्टमध्ये ८६ टक्के मतांनी मंजूर झाला. सगळीकडे युनियन परत आली अशी भाषा चालू होती. आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला यलो ही पार्ट लोडची युनियन कंपनी बंद पडली. १९२४ साली ओक्लाहोमात सुरू झालेली, शंभरीला एक वर्ष कमी असलेली. सुमारे ३०,००० लोकांची कामं गेली, त्यातले २२,००० टीमस्टर्स. ६ ऑगस्टला दिवाळखोरीचा अर्ज. तिथल्या कामगारांनी २००९ पासून १५ टक्के पगारकपात सोसली होती, २०२० मध्ये सरकारने ७० कोटी डॉलरचं कर्ज दिलं होतं, तरी कंपनी वाचली नाही. दोष व्यवस्थापनाचा की युनियनच्या ताठरपणाचा, यावर डॉकवर आजही भांडणं होतात. मला एवढं दिसतं की वीस वर्षांत इतर कंपन्या विकत घेऊन कर्जाचा जो डोंगर केला तो ड्रायव्हरने केला नव्हता.

पुढे डिसेंबरात तिची सुमारे १३० टर्मिनलं लिलावात १८८ कोटी डॉलरला गेली. एकट्या एक्सपीओ या कंपनीने ८७ कोटींना २८ घेतली. मोठे खरेदीदार बहुतेक बिगरयुनियन. इमारत तीच, दारं तीच, मालही बराचसा तोच, फक्त करार गेला. युनियनची नोकरी कशी कमी होते, हे मला त्या लिलावाच्या बातमीइतकं दुसऱ्या कशाने समजलं नाही.

माझ्या अर्जाचं काय होणार हे उघड होतं. एक वर्षाचा अनुभव असलेला मी, आणि त्याच रांगेत पंचवीस-तीस वर्षं गाडी हाकलेले हजारो. ऑगस्टभर एकही फोन नाही. मी दर पंधरवड्याला टर्मिनलवर स्वतः जाऊन अर्जाची चौकशी करायचो, तेही गाड्यांची कामं वाटणाऱ्या डिस्पॅचरला वेळ असेल अशा दुपारच्या वेळी. ऑनलाइन अर्ज ढिगात जातो, तोंड लक्षात राहतं. बंद पडलेल्या कंपनीचा माल बाकीच्यांकडे वळला आणि त्यांना माणसं लागायला लागली. सप्टेंबरच्या शेवटी एका टर्मिनलने बोलावलं. यार्डात दोन ट्रेलरची जोडी लावून दाखवायची होती. मागच्या ट्रेलरला पुढच्याशी जोडणारी डॉली हाताने फिरवावी लागते आणि ती चांगलीच जड असते. जड ट्रेलर नेहमी पुढे, हलका मागे, हे तोंडाने सांगत सांगत केलं. परीक्षा घेणाऱ्याला तेच ऐकायचं होतं.

कॅज्युअल

ऑक्टोबर २०२३ मध्ये लागलो, पण कायम नाही, कॅज्युअल. म्हणजे गरज पडली तर बोलावणार. फोन रात्री अकराला येवो की पहाटे तीनला, दोन तासांत हजर व्हायचं. कधी डॉकवर फोर्कलिफ्टने पॅलेट हलवायचे, कधी शहरात माल पोचवायचा, कधी इंडियानापर्यंत जोडी नेऊन दुसरी आणायची. तासाला तिशीच्या आसपास डॉलर, आठ तासांवर गेलं की दीडपट. पहिल्या पगाराच्या चिठ्ठीवर, दारात माल उतरवण्यात गेलेला वेळही तासांत धरलेला बघितला आणि बायकोला फोटो पाठवला.

पण आरोग्य विमा नाही, सुटी नाही, आणि ठरावीक दिवस भरेपर्यंत सिनिऑरिटी यादीत, म्हणजे लागल्याच्या तारखेने लावलेल्या यादीत, नाव नाही. जानेवारी-फेब्रुवारीत मालच नव्हता, फोन आठवड्यातून एखादा यायचा. घर बायकोच्या पगारावर आणि तिच्या विम्यावर चाललं. हे तिच्या जिवावर झालं, आणि ज्याच्या घरात दुसरा पगार नाही त्याने किमान सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढल्याशिवाय कॅज्युअल होऊ नये. मधल्या काळात दुसरीकडे गाडी चालवली तर ते तासही सांगावे लागतात. कामाच्या तासांची मर्यादा माणसाला आहे, कंपनीला नाही.

माझ्यानंतर काही आठवड्यांनी एक पोलिश म्हातारा आला. सव्वीस वर्षं त्याच बंद पडलेल्या कंपनीत काढलेली. जोडी लावायला मला जेवढा वेळ लागायचा त्याच्या निम्म्यात तो गाडी गेटबाहेर काढायचा. आणि बोलावण्याच्या क्रमात तो माझ्या खाली. सिनिऑरिटी त्या त्या कंपनीपुरती असते. कंपनी मेली की ती तिच्याबरोबर जाते. त्याला मिळालेली चार आठवड्यांची सुटी, दिवसाची पाळी, शनिवार-रविवार मोकळा, सगळं गेलं, आणि एकसष्टाव्या वर्षी तो रात्रीच्या फोनची वाट बघत होता. मला त्याच्याकडे बघायला संकोच वाटायचा. एकदा बोलून दाखवलं तर म्हणाला, तारीख ती तारीख, उद्या ती तुलाही वाचवेल.

त्याचं एकच टिकलं, पेन्शन. कारण ती एका कंपनीची नव्हती. अनेक कंपन्या मिळून सेंट्रल स्टेट्स फंडात पैसे भरतात, त्यामुळे नव्या ठिकाणचे दिवस त्याच्या जुन्या वर्षांत मिळवले जातात. हा फंडही बुडायला आला होता. कंपन्या मिटत गेल्या, भरणारे हात कमी झाले आणि घेणारे वाढले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने जवळपास ३,६०० कोटी डॉलर दिले म्हणून साडेतीन लाखांहून जास्त लोकांची पेन्शन वाचली, नाहीतर ती निम्म्याहून जास्त कापली गेली असती. करदात्यांनी हे का भरावं, असं म्हणणाऱ्यांनी या म्हाताऱ्याबरोबर एक रात्र डॉकवर काढावी असं मला मनापासून वाटतं.

यादीत नाव

जून २०२४ मध्ये माझा प्रोबेशनचा काळ संपला आणि सिनिऑरिटी यादीवर तारीख पडली. ती यादी भिंतीवर लावलेली असते. आपली तारीख बरोबर आहे का ते त्याच दिवशी बघा आणि फोटो काढून ठेवा. एकाच दिवशी लागलेल्यांचा क्रम कसा लावतात तेही विचारून घ्या. युनियनची प्रवेश फी मी हप्त्यांत भरली. वर्गणी महिन्याला अडीच तासांची मजुरी. इलिनॉयच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये संघटित होण्याचा हक्क त्या राज्याच्या घटनेतच घातला. तासाभरावरच्या इंडियानात मात्र २०१२ पासून वर्गणी न भरताही कराराचा फायदा घेता येतो. वर्गणी कशाला, असं तिथले पोरगे विचारतात. मी त्यांना पुढची गोष्ट सांगतो.

त्या हिवाळ्यात एका रात्री माझी गाडी रस्त्यात बंद पडली. मेकॅनिक येईपर्यंत थांबलेले तास पगारात आले नाहीत. करारात ते पैसे देण्याचं कलम होतं. मी स्टुअर्डला, म्हणजे टर्मिनलवरच्या युनियन प्रतिनिधीला, भेटलो. त्याने आधी विचारलं, लिहून ठेवलंयस का? वेळ, जागा, कुणाशी फोनवर बोललो, सगळं वहीत होतं. तक्रारीचा फॉर्म भरला. प्रकरण टर्मिनलवर सुटलं नाही, तेव्हा युनियन आणि कंपनीचे सारखेच प्रतिनिधी असलेल्या समितीपुढे गेलं. काही महिने लागले, पण पैसे आले. रक्कम फार मोठी नव्हती. पहिल्या वर्षी असे कितीतरी तास मी सोडून दिले होते, कारण विचारायचं कुणाला हेच माहीत नव्हतं.

स्टुअर्डने शिकवलेलं इतरांसाठी सांगतो. चुकीचा हुकूम दिला तरी, जिवाला धोका नसेल तर, आधी काम करा आणि मग तक्रार लिहा. नकार दिला तर मुद्दा बाजूला राहतो आणि तुम्ही आज्ञाभंगात अडकता. आणि साहेबाने चौकशीला बोलावलं, त्यातून कारवाई होऊ शकते असं वाटलं, तर पहिलं वाक्य हेच : माझा युनियन प्रतिनिधी आल्याशिवाय मी उत्तर देणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये मान्य केलेला हा हक्क आहे, पण तो मागावा लागतो, कुणी आपणहून देत नाही.

२०२५ च्या सुरुवातीला माल पुन्हा आटला आणि यादीच्या तळापासून लोक कमी केले. आधी तो पोलिश म्हातारा, मग मी. त्याची तारीख माझ्यानंतरची, बस एवढंच. मी त्याच आठवड्यात राज्याच्या रोजगार खात्याकडे बेकारी भत्त्याचा ऑनलाइन अर्ज केला. पहिला आठवडा बिनपैशांचा असतो, त्यामुळे एक दिवसही लांबवू नका. त्यानंतर दर दोन आठवड्यांनी हजेरी द्यावी लागते, ती चुकली तर पैसे अडकतात. पत्ता आणि फोन नंबर कंपनीकडे आणि युनियनच्या लोकल म्हणजे स्थानिक शाखेकडे, दोन्हीकडे लेखी द्या. परत बोलावण्याचं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं आणि मुदत टळली तर तारीख गेली.

एप्रिलमध्ये परत बोलावणं आलं, आधी मला, मग त्याला. याच काळात यूपीएसने त्या वर्षात २०,००० कामं कमी करण्याचं आणि ७३ इमारती बंद करण्याचं जाहीर केलं. १९६४ च्या ज्या करारात चार लाखांहून जास्त लोक होते, त्याच्या वंशातला एबीएफ या मालवाहतूक कंपनीचा २०२३ चा करार सुमारे ८,६०० लोकांचा आहे. म्हणून, दार अरुंद आहे हे समजून या. पण दार आहे. जागा निघतात कारण जुनी माणसं निवृत्त होताहेत, आणि त्या जागा धरल्या तरच करार चालू राहतो. मार्चमध्ये डॉकवर भरती सुरू होते, तेव्हा अर्ज तयार ठेवा.

शेवटी पेन्शनबद्दल, कारण हे कुणी सांगत नाही. हक्क पक्का व्हायला साधारण पाच वर्षांची सेवा लागते, आणि फंडात पैसे तुम्ही काम केलेल्या आठवड्यांप्रमाणे भरले जातात. फंडाकडून वर्षातून एकदा विवरण येतं. पगाराच्या चिठ्ठ्या एकही न फेकता जपा, विवरणातले आठवडे त्यांच्याशी ताडून बघा, आणि एखादा कमी भरला तर स्टुअर्डला दाखवून लगेच लेखी कळवा. माझ्या पहिल्या विवरणात आठवडे बरोबर निघाले. आबांना ते फोनवर वाचून दाखवलं, तर त्यांनी महिन्याला किती, किती वर्षांनी, आणि माझ्यामागे सुनेला किती, हे सगळं पुन्हा पुन्हा विचारून घेतलं.